चित्रसंकलनासाठीं संगणक कसा निवडावा?

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालीं पडद्यावर आला. त्याची फिल्म धुण्याचें, तिच्या कडांना छिद्रें पाडण्याचें आणि तिचे तुकडे एकमेकांस जोडण्याचें काम दादरच्या घरींच चाले, व त्यांत सरस्वतीबाई फाळके यांचा वांटा फार मोठा होता. त्या काळीं संकलकाचें साहित्य म्हणजे कात्री, चिकटविण्याचें द्रव्य आणि फिल्म उजेडासमोर धरून पाहणारे दोन डोळे, इतकेंच. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटांत १६ चित्रें बसतात आणि बोलपटांत सेकंदाला २४ चित्रें डोळ्यांपुढून सरकतात. म्हणजे एका मिनिटाच्या चित्रपटास ९० फूट फिल्म लागते. संकलनाचें ओझें तेव्हां अक्षरशः हातानें उचलतां येत असे.

तें ओझें आज नाहींसें झालेलें नाहीं. त्यानें रूप तेवढें पालटलें आहे. फिल्मची जागा आंकड्यांनीं घेतली आहे आणि हे आंकडे वाहून नेणारा हमाल म्हणजे संगणक. घरांतील एखादा मुलगा किंवा मुलगी संकलनाचा व्यवसाय करूं म्हणते, तेव्हां घरची पुंजी अथवा कर्जाऊ रक्कम घेऊन हा हमाल आणावयाचा असतो. तो चुकीचा निवडला गेला, तर पैसा जातोच. परंतु कबूल केलेल्या दिवशीं काम हातीं न पडल्यामुळें पतही जाते, आणि नव्या माणसाच्या धंद्यांत पत हेंच खरें भांडवल असतें. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं या विषयाचा थोडा विचार करणें अगत्याचें आहे.

प्रथम ओझें किती आहे तें पाहूं. आज ‘फोर-के’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या चित्राची रुंदी ३८४० बिंदूंची व उंची २१६० बिंदूंची असते. म्हणजे एका चित्रांत ८२,९४,४०० बिंदु झाले. प्रत्येक बिंदूच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांस एकेक बाइट धरली, तर एका चित्रास सुमारें अडीच कोटि बाइट लागतात. आणि भारतीय दूरचित्रवाणीच्या रिवाजाप्रमाणें सेकंदाला २५ चित्रें घेतलीं, तर दर सेकंदास ६२ कोटींहून अधिक बाइट होतात. इतका पसारा कॅमेऱ्याच्या नखाएवढ्या कार्डांत मावणें कठीण. म्हणून कॅमेरा तो दाबून लहान करतो. सेकंदाला १०० मेगाबिट या सामान्य प्रमाणानें लिहिणारा कॅमेरा तोच पसारा जवळजवळ पन्नासाव्या हिश्शावर आणतो, आणि तासाभराचें चित्रण सुमारें ४५ गिगाबाइटमध्यें बसवितो.

ही किमया कशी साधते, हें समजलें कीं निवडीचें अर्धें कोडें सुटतें. एखादा दुकानदार रविवारीं सगळ्या मालाची पुरी यादी करतो आणि पुढें रोज केवळ फरक टिपून ठेवतो: अमुक पोतें गेलें, तमुक डबा आला. वही लहान राहते, हें खरें. पण बुधवारचा साठा सांगावयाचा झाला, तर रविवारची यादी काढून तीन दिवसांचे फरक तींत मिळवावे लागतात. एच.२६४ व एच.२६५ या दाबण्याच्या पद्धति बहुधा अशाच चालतात. थोडींच चित्रें पूर्ण लिहिलेलीं असतात. बाकीच्यांचे फरक तेवढे. केवळ पाहणाऱ्यास हें पुरतें. संकलक मात्र मागेंपुढें उड्या मारीत असतो, आणि त्याच्या प्रत्येक उडीबरोबर संगणकास हा हिशेब नव्यानें करावा लागतो. लहानशी फाइलही यंत्रास दमवते, याचें कारण हेंच.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, हा हिशेब स्वतंत्रपणें करणारें मंडल ज्यांत बसविलेलें आहे असें यंत्र घेणें. दुसरा, प्रत्येक चित्र पूर्ण लिहिणाऱ्या ‘प्रोरेस’सारख्या पद्धतींत सारें चित्रण आधींच उतरवून घेणें. त्यानें यंत्राचा शीण कमी होतो, परंतु जागा वाढते; फोर-के चित्रणास सेकंदाला २५ चित्रें या वेगानें प्रोरेस ४२२ मध्यें तासाला सुमारें २२० गिगाबाइट लागतात. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आहे. चित्रणाच्या लहान आकाराच्या प्रती करून त्यांवर काटछाट करावयाची, आणि शेवटीं मूळ चित्रें त्यांच्या जागीं आणावयाचीं. या प्रतींना ‘प्रॉक्सी’ म्हणतात. बेताच्या संगणकावर मोठें काम निभावून नेण्याची ही रीत धंदेवाईक संकलकही आनंदानें वापरतात. तींत कमीपणा कांहीं नाहीं.

यंत्राआधीं सॉफ्टवेअर ठरवावें, कारण यंत्र कोणतें हवें हें पुष्कळसें त्यावर अवलंबून असतें. ॲव्हिड कंपनीचा ‘मीडिया कंपोझर’ १९८९ पासूनचा. एकाच चित्रपटावर अनेक संकलक बसतात अशा मोठ्या कामांत त्याचा मान आहे. ॲडोबीचा ‘प्रीमिअर’ १९९१ मध्यें निघाला. त्याच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून वर्गणी भरूनच मिळतात, म्हणजे घरभाड्याप्रमाणें हा खर्च कायमचा लागतो. ॲपलचा ‘फायनल कट प्रो’ १९९९ चा. संगणकांत तो केवळ त्याच कंपनीच्या मॅकवर चालतो. ‘डाव्हिंची रिझॉल्व्ह’ रंगसंस्कारासाठीं प्रसिद्ध असून त्याची एक आवृत्ति विनामूल्य मिळते. तींत चित्र ३८४० × २१६० या आकारापर्यंतच बाहेर काढतां येतें आणि चित्रांतील दाणेदारपणा घालविण्यासारखीं कांहीं साधनें नसतात. तथापि शिकणाऱ्यास, किंबहुना लहान व्यवसायासही, ती पुष्कळ पुरते. यांपैकीं श्रेष्ठ कोणतें हा वाद निष्फळ आहे. ज्यांच्याबरोबर काम करावयाचें ते काय वापरतात, हा प्रश्न अधिक उपयोगाचा.

आतां यंत्राकडे वळूं. प्रोसेसर हा त्याचा मेंदू. परंतु केवळ मेंदूच्या किंमतीकडे पाहून फसणारे पुष्कळ. नव्या कॅमेऱ्यांपैकीं अनेक ‘दहा बिट ४:२:२’ या प्रकारें अधिक रंग टिपतात. एच.२६५ पद्धतीचें असें चित्रण उलगडण्याची सोय ॲपलच्या एम मालिकेंत आहे, आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्समध्यें आहे. परंतु ज्या इंटेल प्रोसेसरच्या नांवाशेवटीं ‘एफ’ हें अक्षर असतें, त्यांत हें अंतर्गत ग्राफिक्स नसतें. चार पैसे वांचविण्यासाठीं तो घेणारा संकलक पुढें पस्तावण्याचा संभव असतो. कारण एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांतही ही सोय २०२५ सालच्या आरटीएक्स ५० मालिकेपासूनच आली. तात्पर्य, आपला कॅमेरा कोणत्या पद्धतीनें लिहितो, हें दुकानांत जाण्यापूर्वीं कागदावर टिपून न्यावें.

ग्राफिक्स कार्डाचें खरें काम रंगसंस्कार आणि परिणाम यांत दिसतें. रिझॉल्व्ह त्यावर विशेष भिस्त ठेवतो. कार्डाची स्वतःची स्मृति फोर-के कामास निदान ८ गिगाबाइट असावी. संगणकाची मुख्य स्मृति, म्हणजे रॅम, १६ गिगाबाइटला कशीबशी भागते, ३२ ला सुखानें, आणि परिणामांचीं कामें वारंवार असतील तर ६४ घेणें बरें. मॅकमध्यें व पुष्कळ लॅपटॉपांत ही स्मृति मागाहून वाढवितां येत नाहीं. तेथें प्रारंभींच सढळ हात ठेवावा. शिवाय लॅपटॉप तापला कीं आपला वेग आपणच कमी करतो. तेव्हां हिंडण्याची गरज नसेल, तर मेजावरचा संगणक त्याच पैशांत अधिक काम देतो.

चित्रें ठेवण्याच्या जागेकडे मात्र खरेदीच्या उत्साहांत दुर्लक्ष होतें. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २५० मेगाबाइट देते. साधी एसएसडी ५०० च्या आसपास. आणि एनव्हीएमई जातीची कित्येक हजार. म्हणून चालू काम एनव्हीएमईवर आणि संपलेलें काम हार्ड डिस्कवर, अशी वांटणी शहाणपणाची. पडदाही रंगांचा खरेपणा राखणारा असावा, रेक. ७०९ हें दूरचित्रवाणीचें रंगमान तो पूर्णपणें दाखवितो कीं नाहीं, तें विचारावें. आणि जेथें वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, तेथें यूपीएस हा खर्च चैनीचा मानूं नये.

शेवटचा विषय सर्वांत महत्त्वाचा आहे. १९९८ मध्यें पिक्सार या अमेरिकन संस्थेंत ‘टॉय स्टोरी २’ चें काम चालू असतां एका चुकीच्या आज्ञेनें चित्रपटाचा फार मोठा भाग संगणकांतून पुसला गेला, आणि राखीव प्रतही सदोष निघाली. गेलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंनीं घरीं तान्हें मूल असल्यामुळें घरून काम करतां यावें म्हणून एक प्रत घरच्या संगणकावर ठेविली होती. तिच्यामुळें तें काम वांचलें. एवढ्या धनाढ्य संस्थेस जें भोंवलें, तें लहान व्यावसायिकास भोंवणार नाहीं असें कसें म्हणावें? चित्रपटाचा प्रसंग पुन्हां घेतां येईल. कोणाच्या लग्नांतील सप्तपदी, कोणा वृद्ध आजोबांचे शेवटचे शब्द, हें पुन्हां घेतां येत नाहीं. म्हणून जाणते लोक तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागीं, असा नियम पाळतात. या प्रतींचे पैसे आधीं बाजूस काढावे, आणि उरलेल्यांत यंत्र बसवावें. उलट करूं नये.

यंत्र जुनें झालें म्हणून कोणी खट्टू होण्याचें कारण नाहीं. बाँग जून-हो यांच्या ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटास २०२० मध्यें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर मिळालें. त्याचे संकलक यांग जिन-मो यांनीं तो फायनल कट प्रोच्या सातव्या आवृत्तीवर जुळविला होता. आणि ती आवृत्ति २०११ मध्येंच कंपनीनें मागें टाकून नवी आणली होती. परंतु ती त्यांच्या हातांत बसली होती. कोणतें चित्र कोठें तोडावें आणि कोठें क्षणभर अधिक राहूं द्यावें, हें शेवटीं डोळ्यास आणि मनासच कळावें लागतें. संगणकानें त्यांच्या वाटेंत येऊं नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. आणि ती पुरी होईल एवढाच खर्च त्यावर करावा.