परमुलखातील पहिला आठवडा

आरोग्यशिक्षणाच्या कार्यासाठी परदेशी एकट्याने निघालेल्या स्वयंसेवकाच्या सामानात रंगीत तक्त्यांची गुंडाळी आणि वहीत सुवाच्य उतरून घेतलेले पहिले व्याख्यान, या दोन वस्तू बहुधा असतातच. त्यांपैकी व्याख्यान पहिला आठवडाभर पेटीतच राहिलेले बरे.

आग्नेय आफ्रिकेतील मालावी हा देश उदाहरणादाखल घ्यावा. मार्च २०२२ मध्ये तेथे सुरू झालेल्या कॉलऱ्याच्या साथीने १,७०० हून अधिक बळी घेतले. अशा भूमीवर पाऊल ठेवणाऱ्या स्वयंसेविकेला बोलण्याची घाई होणे स्वाभाविकच होय. परंतु लिलाँग्वे या राजधानीत उतरल्यावर तिच्या वाट्याला प्रथम येते ते शिष्यत्व. सायंकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचून ती आत बसली म्हणजे दिवसभर दाबून ठेवलेले एकटेपण वर येते. मच्छरदाणीचा कंटाळा मात्र परवडत नाही. हिवतापाचा डास मुख्यतः रात्रीच चावतो. आणि इतरांना आरोग्य शिकविण्यास आलेली व्यक्तीच पंधरवड्यात अंथरुणाला खिळली, तर तिचा भार तेथल्या आधीच गांजलेल्या दवाखान्यावर पडतो.

दुसऱ्या दिवसापासून भाषेचे धडे. चिचेवा भाषेत ‘मुली ब्वांजी?’ म्हणजे ‘कसे आहात?’ आणि त्यावर ‘न्दिली ब्विनो, काया इनु?’ म्हणजे ‘बरी आहे, आणि आपण?’ हे बोलणे उरकून टाकावयाचे नसते. विचारपूस केल्यावाचून कामाची गोष्ट काढणारा पाहुणा तेथे उद्धट ठरतो. गावात प्रथम मुखियाची भेट, त्यानंतर ‘आरोग्य निरीक्षण साहाय्यक’ या सरकारी सेवकांची. देवीच्या लसीकरणापासून यांच्या कामाची परंपरा चालत आली आहे. कोणत्या वस्तीचे पाणी कोठून येते हे त्यांना ठाऊक असते. त्यांच्या मागून चालण्यात कमीपणा नाही.

ही सबुरी केवळ शिष्टाचाराची नव्हे. पेरू देशातील लॉस मोलिनोस या गावी पाणी उकळून पिण्याचा प्रचार दोन वर्षे चालला होता. त्याची हकीगत एडवर्ड वेलिन यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. सुमारे २०० कुटुंबांपैकी अवघ्या ११ गृहिणींनी ती सवय नव्याने लावून घेतली. उकळलेले पाणी ‘उष्ण’, म्हणून ते आजाऱ्याचे, निरोग्याने ते का प्यावे, असा गावाचा समज होता. शिवाय सरपण आणि वेळ यांचीही अडचण होतीच. पथ्यापथ्यात उष्ण-थंड पाहणाऱ्या मराठी घरांना हा विचार काही परका वाटू नये. जंतूंविषयीची माहिती खरीच होती; पण ज्या चुलीपुढे ती सांगावयाची, त्या चुलीची चौकशी अपुरी पडली.

मालावीत अशी चौकशी अगदी चमच्यापासून करावी लागते. जुलाबावर घरगुती पाणी करावयाचे, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण जगभर सांगितले जाते. परंतु घरातला चमचा केवढा? पाण्याचे भांडे किती लिटरचे? साखर विकत घेणे परवडते काय? मीठ अधिक झाल्यास अर्भकाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून दवाखान्यातून मिळणारी तयार पुडी अधिक भरवशाची. तिला तेथे ‘थांझी’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच आरोग्य असा आहे.

आठवड्याच्या अखेरीस मुलांना तपासण्याचा दिवस येतो. झाडाखाली माता जमतात, पाठीवर चितेंजे या रंगीत वस्त्राने बांधलेली मुले असतात, आणि कामाला आरंभ होतो तो गाण्याने. हात धुण्याचा, लस टोचण्याचा, स्तनपानाचा उपदेश त्या बायका स्वतःच टाळ्यांच्या ठेक्यावर एकमेकींना करीत असतात. वहीतल्या व्याख्यानातील निम्मा मजकूर त्या गाण्यांत आधीच असतो. स्वयंसेविका मागच्या रांगेत उभी राहून टाळीचा ठेका धरू पाहते, चुकते; शेजारची बाई हसते, आणि तिचे हात धरून तो ठेका पुन्हा शिकवते.