घर विकायचंय? आधी कपाट उघडा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पुण्यात कोथरूडला आमचं चौघांचं छोटंसं कार्यालय आहे. जुनी, राहती घरं विकून देणं हा आमचा व्यवसाय. रविवारी सकाळी आमचा फोन जरा जास्तच वाजतो, कारण घरातली चर्चा शनिवारी रात्री जेवणानंतर झालेली असते. पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, दुसरा मजला, काय भाव येईल?" मी उलट विचारतो, "शेअर सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे?" क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "ते बघावं लागेल. कपाटात असेल कुठंतरी."

आज मला बोलायचंय ते या "कुठंतरी"बद्दल. घराचा व्यवहार भावावरून मोडतो, असं लोकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. भावाचं जमतं. दोन पावलं हा मागे येतो, दोन तो पुढे येतो. व्यवहार मोडतो तो कागदावरून, आणि तोही अगदी शेवटी, जेव्हा दोन्हीकडच्यांनी पुढच्या शब्द दिलेल्या असतात.

एक उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, काकू म्हणू या. वय बहात्तर. पौड रस्त्याच्या आतल्या बाजूला, जुन्या तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. इमारतीला लिफ्ट नाही. काका २०१९ मध्ये गेले. मुलगा अमेरिकेत, मुलगी बाणेरला. काकूंचे गुडघे दुखायला लागले, भाजी आणायला उतरणं म्हणजे संकट झालं. मुलीच्या जवळ लिफ्ट असलेलं घर घ्यायचं ठरलं. तसं घर मिळालंही. मालक घाई करत होता, म्हणून काकूंनी मुदतठेव मोडून दोन लाख रुपये विसार दिला आणि तीन महिन्यांत उरलेली रक्कम देण्याचं लिहून दिलं. मग स्वतःचं घर विकायला काढलं.

गिऱ्हाईक पंधरा दिवसांत मिळालं. तरुण जोडपं, बँकेचं कर्ज घेणारं. बँकेच्या वकिलानं कागद मागितले आणि तिथं गाडी अडली. शेअर सर्टिफिकेटवर अजून काकांचंच नाव होतं. काकू म्हणाल्या, "पण मी नॉमिनी आहे ना! सोसायटीच्या फॉर्मवर माझंच नाव आहे."

हा गैरसमज घरोघरी आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे आणि मालकही नव्हे. सभासद गेल्यावर सोसायटीनं व्यवहार कोणाशी करायचा, एवढंच नामनिर्देशनानं ठरतं. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्यात हे स्पष्टच आहे: कायदेशीर वारसांची नोंद होईपर्यंत नॉमिनी हा तात्पुरता सभासद. घराची मालकी जाते ती मृत्युपत्राप्रमाणे, आणि मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्काच्या कायद्याप्रमाणे. काकांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. म्हणजे त्यांच्या घरात काकूंबरोबर मुलगा आणि मुलगी असे तिघे समान वाटेकरी झाले.

घरात भांडण नव्हतं. मुलं आईच्या नावानं हक्कसोडपत्र करून द्यायला एका पायावर तयार होती. पण हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. मुलगा येऊ शकत नव्हता, म्हणून त्यानं बहिणीला कुलमुखत्यारपत्र द्यायचं. ते तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यायचं, मग इकडे पाठवायचं, इथं त्यावरच्या मुद्रांकाचं काम करायचं, मग हक्कसोडपत्र, मग सोसायटीकडे अर्ज, समितीची बैठक, सर्टिफिकेटवर नाव. सगळं सरळ होऊनही पाच महिने गेले. तोवर ते जोडपं दुसरीकडे गेलं. बाणेरच्या घराची मुदत टळली आणि मालकानं विसार परत दिला नाही. लिहून दिलेलं तसंच होतं, त्याला बोल लावता येईना. दोन लाख रुपये गेले. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या बाईचे दोन लाख. कुणीही फसवलं नव्हतं. फक्त क्रम चुकला होता.

तेव्हा पहिला नियम क्रमाचा. आधी कागद, मग गिऱ्हाईक, मग नवं घर. विकायचा विचार मनात आला की सहा महिने आधी कपाट उघडा. काय काय पाहायचं? तुमचा मूळ करारनामा, त्याची नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू. घर तुम्ही दुसऱ्याकडून घेतलं असेल तर त्याच्या आधीचे करारही, अगदी बिल्डरपासूनची साखळी. शेअर सर्टिफिकेट. इमारतीचा भोगवटा दाखला, म्हणजे आपण ज्याला कम्प्लीशन म्हणतो तो. मिळकतकराची आणि विजेची ताजी बिलं. सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला.

पुण्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. इथल्या बऱ्याच इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. बोलताना सगळेच सोसायटी म्हणतात. पण अपार्टमेंट असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतंच, तिथं डीड ऑफ अपार्टमेंट हा मुख्य कागद. तो केलेलाच नाही, अशीही घरं आम्ही पाहिली आहेत. बिल्डर म्हणाला "करू पुढं", आणि पुढं बिल्डरच सापडला नाही.

मूळ करारनामा हरवला असेल तर घाबरू नका, पण लपवूही नका. पोलिसांकडे हरवल्याची नोंद करा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कल घ्या. याला वेळ लागतो, म्हणूनच आधी करायचं. कर्ज फिटलं असेल आणि कागद बँकेत असतील तर ते मागून घ्या. कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

आता भावाकडे येऊ. शेजारच्या विंगमधला फ्लॅट अमुक लाखांना गेला, हे आपण जिन्यात ऐकलेलं असतं. जिन्यातला आकडा वर चढताना मजल्यागणिक वाढतो! खरा आकडा इंडेक्स टूमध्ये असतो आणि तो कुणालाही पाहता येतो. आपल्याच इमारतीतले किंवा शेजारच्या गल्लीतले अलीकडचे दोन-तीन व्यवहार पाहा. मात्र तुलना कार्पेट क्षेत्रफळाची करा. एकानं बिल्टअप सांगितलं आणि दुसऱ्यानं कार्पेट, तर तेच घर दोन वेगळ्या घरांसारखं वाटतं. सरकारी रेडी रेकनरचा दर हा मुद्रांक शुल्कासाठी असतो, तो बाजारभाव नव्हे.

कोथरूडसारख्या भागात आज पुनर्विकासाची हवा आहे. पुनर्विकास होणार म्हणून कुणी भाव चढवून सांगतो. कुणी उलट ती गोष्टच गिऱ्हाइकाला सांगत नाही. दोन्ही चूक. जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाला ५१ टक्के सभासदांची संमती लागते. तुमच्या सोसायटीत नुसती चर्चा आहे, ठराव झालाय, की बिल्डरशी करार झालाय, हे तीन वेगळे टप्पे आहेत. ज्या टप्प्यावर असाल तो ठरावाच्या कागदासकट सांगा.

काही जण हळूच विचारतात, "थोडी रक्कम रोख घेतली तर?" माझं उत्तर एकच, नको. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेतली, तर तेवढाच दंड होऊ शकतो. हा नियम विसाराच्या रकमेलाही लागू आहे. शिवाय रोख घेतलेला पैसा नव्या घरात कसा घालणार, हा प्रश्न उरतोच.

कराबद्दल थोडक्यात. घर दोन वर्षांहून अधिक काळ तुमचं असेल तर नफा दीर्घ मुदतीचा धरला जातो. २३ जुलै २०२४ पासून त्यावर साडेबारा टक्के दर आहे, पण महागाईची वजावट नाही. त्या तारखेच्या आधी घेतलेलं घर असेल, तर इथं राहणाऱ्या व्यक्तीला महागाईची वजावट घेऊन वीस टक्क्यांचा जुना हिशेबही करून पाहता येतो, जो कमी येईल तो घ्यावा. घर २००१ पूर्वीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची किंमत मूल्यांककाकडून काढून घेता येते. बाणेरच्या घरासारखं दुसरं घर घेतलं, म्हणजे विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत, तर नव्या घरात गुंतवलेल्या नफ्यापुरता कर वाचतो. घर घ्यायला वेळ असेल तर विवरणपत्राच्या मुदतीआधी ती रक्कम बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते, साध्या बचत खात्यात नव्हे.

व्यवहार पन्नास लाख किंवा त्याहून मोठा असेल तर घेणारा एक टक्का कर कापून सरकारजमा करतो. त्यासाठी तुमचं पॅन चालू असायला हवं. ते बंद पडलेलं असलं तर ही कपात कितीतरी वाढते. विकणाऱ्यांत कुणी परदेशवासी असेल तर हा एक टक्क्याचा नियम त्याच्या वाट्याला लागू होत नाही, कपात बरीच मोठी होते. म्हणून वारस परदेशात असेल तर सनदी लेखापालाला आधी विचारा, सही झाल्यावर नाही.

सोसायटीबद्दलही बोललं पाहिजे. आदर्श उपविधींनुसार घर विकायला सोसायटीचं ना हरकत पत्र बंधनकारक नाही. पण घेणाऱ्याची बँक ते मागते, म्हणून अर्ज वेळेत द्या. ट्रान्स्फर प्रीमियमच्या नावाखाली वाटेल ती रक्कम मागता येत नाही. २००१ च्या शासन परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा पंचवीस हजार रुपये आहे, आणि देणगीची सक्ती करता येत नाही.

आणि घर दाखवायचं कसं? नवी फरशी बसवू नका, तो खर्च वसूल होत नाही. माळा रिकामा करा, गळका नळ बदला, खिडक्या पुसा, दिवसाउजेडी दाखवा. ओल असेल तर तिच्यावर रंग फासू नका. पहिल्या पावसाळ्यात ती बाहेर येते आणि तुमचं नाव आयुष्यभर निघतं. पाणी किती वाजता येतं, दुचाकी कुठं लावायची, गणपतीत चौकातला मांडव किती जवळ असतो, वनाजचं मेट्रो स्थानक पायी किती मिनिटांवर आहे, हे घेणाऱ्यानं विचारायच्या आधी सांगा. आमचा अनुभव असा की, एक उणी बाजू आपणहून सांगितली की बाकीच्या नऊ गोष्टींवर विश्वास बसतो.

विसार घेताना आणि देताना कागद करा. किती दिवसांत काय व्हायचं, बँकेनं कर्ज नाकारलं तर काय, कागदात अडचण निघाली तर पैसे परत किती दिवसांत, हे चार ओळींत लिहा. काकूंच्या कागदावर या चार ओळी असत्या तर त्यांचे दोन लाख वाचले असते. आणि किल्ली द्यायची ती शेवटचा रुपया खात्यात आल्यावरच.

काकूंचं पुढं काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. कागद पूर्ण झाले, घर विकलं गेलं, आणि त्यानंतरच त्यांनी लिफ्ट असलेलं घर घेतलं. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. चहा झाल्यावर त्यांनी एक फाइल दाखवली. करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, वर स्वतःच्या अक्षरात यादी आणि सगळ्यात शेवटी मृत्युपत्र. म्हणाल्या, "मुलीला दाखवून ठेवलंय, कुठल्या कप्प्यात आहे ते. माझ्यामागं तिला कुणी विचारलं, तर तिनं 'असेल कुठंतरी' म्हणायला नको."

आज रविवार आहे. घर विकायचं असो वा नसो, जेवण झालं की कपाट उघडा. घरातल्या दोघांनी मिळून कागद काढा आणि एवढंच पाहा, की त्यांच्यावरची नावं आज हयात असलेल्या माणसांची आहेत ना.