खरेदी वस्तूची नव्हे, जोडीची

दिवाळीची सुट्टी लागली आहे. आजऱ्याच्या बाजारपेठेतील एका दुकानात कुरिअरवाला दोन खोकी ठेवून जातो. अभियांत्रिकीला शिकणाऱ्या मुलाने थर्माकोलच्या पट्ट्या, बांबूच्या काड्या व चिकटपट्टी यांतून महिनाभर खपून छोटे विमान तयार केले आहे. त्याला आता रेडिओची जोड हवी आहे. हातात धरावयाचा ट्रान्समीटर एका विक्रेत्याकडून आला. विमानात बसणारा रिसीव्हर थोडा स्वस्त पडला म्हणून दुसऱ्याकडून मागवला. दोन्ही खोक्यांवर ‘२.४ गिगाहर्ट्झ’ असे ठळक छापलेले आहे. संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर सारे घर भोवती जमते. पण रिसीव्हरवरील लाल दिवा नुसता लुकलुकत राहतो आणि विमान ढिम्म हलत नाही. वडील म्हणतात, “माल खराब निघाला.” आजोबा म्हणतात, “रक्कम अक्कलखाती टाका.” मुलगा मान खाली घालून विमान कपाटावर ठेवून देतो.

असा प्रसंग कोणत्याही गावात घडू शकतो. वस्तुतः येथे माल खराब नाही, विक्रेत्याने फसवलेले नाही आणि मुलाचा छंदही वाया गेलेला नाही. चूक झाली ती एवढीच की, दोन चांगल्या वस्तू घेतल्या गेल्या, पण त्यांची जोडी जुळते की नाही हे पाहिले गेले नाही. मोठ्या शहरात अशी चूक दुकानात जाऊन तासाभरात दुरुस्त होते. आजरा, गडहिंग्लज यांसारख्या ठिकाणी मात्र असा माल बहुधा टपालाने वा कुरिअरनेच येतो. तो परत पाठवण्यात सुट्टी संपते आणि उत्साहही मावळतो. म्हणून विचार खरेदीच्या आधीच करावयास हवा.

तारेविना दुरून यंत्र चालविण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे रेडिओलहरींवर चालणारी छोटी नौका लोकांना दाखविली होती. पुढे विमानांच्या प्रतिकृती उडू लागल्या, तेव्हा मेगाहर्ट्झमधील लहरी वापरात होत्या. ट्रान्समीटर व रिसीव्हर यांत एकाच क्रमांकाचे स्फटिक बसवले की काम भागे. मात्र एकाच मैदानावर दोघांचा क्रमांक एक झाला, तर एकाचे विमान दुसऱ्याच्या लहरींनी भरकटून कोसळे. गेल्या वीस वर्षांत २.४ गिगाहर्ट्झची पद्धत रूढ झाली. तिच्यात प्रत्येक रिसीव्हर आपल्या ट्रान्समीटरची ओळख लक्षात ठेवतो व इतरांचे ऐकत नाही. ही ओळख करून देण्याच्या क्रियेला ‘बाइंडिंग’ म्हणतात. स्फटिकांची कटकट संपली, पण एक नवा पेच निर्माण झाला.

तो पेच भाषेचा आहे. २.४ गिगाहर्ट्झ हा केवळ रस्ता आहे. त्या रस्त्यावरून बोलण्याची भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, प्रत्येक कंपनीची निराळी आहे. फ्लायस्कायची ‘एएफएचडीएस-२ए’, स्पेक्ट्रमची ‘डीएसएमएक्स’, फुताबाची ‘फास्ट’ व ‘एस-एफएचएसएस’, फ्रस्कायची ‘डी-१६’ व ‘ॲक्सेस’ या साऱ्या भिन्न भाषा होत. एका कंपनीच्या दोन पिढ्यांचेही जमेलच असे नाही. फ्लायस्कायचे जुने ‘एएफएचडीएस’ रिसीव्हर नंतरच्या ‘एएफएचडीएस-२ए’ची भाषा जाणत नाहीत. फ्रस्कायच्या ‘डी-१६’मध्ये युरोपसाठीची व इतरत्र चालणारी अशा दोन आवृत्त्या असून त्या परस्परांशी जुळत नाहीत. ‘एक्सप्रेसएलआरएस’ या नव्या खुल्या पद्धतीत दोन्ही बाजूंच्या सॉफ्टवेअरची मुख्य आवृत्ती एकच असावी लागते. अनेक भाषा बोलणारे ट्रान्समीटरही मिळतात, परंतु तेही सर्वच भाषा बोलत नाहीत. म्हणून खोक्यावरील कंपनीचे नाव पाहून थांबू नये. प्रोटोकॉलचे पूर्ण नाव दोन्ही वस्तूंवर अक्षरशः ताडून पाहावे. दुकानदार बीजक आणि माल ताडून पाहतो, तसेच हे आहे.

भाषा जुळली की चॅनेलांचा हिशेब करावा. मोटारीचा वेग, नाक वर-खाली करणे, शेपटीचे सुकाणू आणि पंखांवरील झडपा या चार कामांना चार चॅनेल लागतात. नवशिक्याचे साधे विमान तीनवरही उडते. सहा चॅनेलांचा संच घेतला, तर पुढील काही वर्षे तो पुरतो. त्याहून अधिक चॅनेलांसाठी सुरुवातीलाच पैसे गुंतवण्याचे कारण नाही.

तिसरी बाब रिसीव्हरच्या जोडण्यांची. विमानातील झडपा हलविणाऱ्या प्रत्येक सर्व्होला रिसीव्हरवर स्वतंत्र तीन-पिनी जागा लागते. ड्रोनसाठी बनविलेल्या काही इवल्या रिसीव्हरांना अशा जागाच नसतात. त्यांतून सर्व संदेश एकाच तारेने उड्डाण-नियंत्रकाकडे जातात. भाषा जुळूनही असा रिसीव्हर साध्या विमानाच्या उपयोगी पडत नाही. फुताबाच्या सर्व्होच्या जोडणीला कडेला लहानशी पट्टी असते. ती इतर काही रिसीव्हरांत अडते. काळजीपूर्वक तासली की बसते. तारांचा क्रम मात्र पाहून घ्यावा.

चौथी बाब विजेची. विमानातील तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भारल्यावर १२.६ व्होल्ट देते. सर्वसाधारण रिसीव्हर व सर्व्हो यांना सुमारे ५ व्होल्ट पुरतात. बॅटरी थेट जोडली, तर ते क्षणात जळू शकतात. मोटारीचा वेग नियंत्रित करणाऱ्या ‘ईएससी’मध्ये हा दाब उतरविणारी ‘बीईसी’ आहे का, आणि ती सर्व सर्व्होंचा भार पेलेल का, हे आधी पाहावे.

पाचवी बाब शिकणाऱ्याच्या हाताची. ‘मोड २’च्या ट्रान्समीटरमध्ये वेगाची कांडी डाव्या हाताला असते, ‘मोड १’मध्ये उजव्या. दोन्हींत उणे-अधिक काही नाही. परंतु जो शिकवणार आहे त्याचा मोड तोच शिकणाऱ्याचाही असावा, म्हणजे संकटाच्या क्षणी ट्रान्समीटर त्याच्या हाती देता येतो.

कायद्याची बाजूही व्यापारी घरांनी दुर्लक्षू नये. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा २००५ च्या अधिसूचनेनुसार ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याविना वापरता येतो. लांब पल्ल्यासाठी विकले जाणारे ९१५ मेगाहर्ट्झचे संच मात्र परदेशांतील नियमांना अनुसरून बनलेले असतात. भारतात त्या परिसरात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ एवढाच पट्टा खुला आहे. म्हणून परदेशी संकेतस्थळावरून स्वस्त मागविण्यापेक्षा, आवश्यक मान्यता असलेला संच देशातील विक्रेत्याकडून जीएसटी बीजकासह घ्यावा. ड्रोन नियम, २०२१ मध्ये करमणूक वा शिक्षणासाठीच्या २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृतींचा स्वतंत्र उल्लेख आहे. नोंदणीचे नियम आणि ‘डिजिटल स्काय’वरील आकाशक्षेत्राचा नकाशा उड्डाणापूर्वी पाहणे हे कर्तव्य समजावे.

एवढी दक्षता केवळ पैशांसाठी नाही. किलो-दीड किलोचे, फिरत्या पंख्याचे विमान ताब्याबाहेर गेले, तर ते शेतातल्या माणसावर, चरणाऱ्या जनावरावर वा पाखरावर आदळू शकते. म्हणून ‘फेलसेफ’ ही सोय पारखल्यावाचून विमान उडवू नये. संपर्क तुटताच मोटार बंद पडावी, अशी व्यवस्था रिसीव्हरमध्ये करून ठेवता येते. पंखा काढून ठेवावा, मोटार सुरू करावी आणि ट्रान्समीटर बंद करून पाहावा. मोटार थांबली पाहिजे. सुरू करताना नेहमी ट्रान्समीटर आधी, विमान नंतर. बंद करताना विमान आधी, ट्रान्समीटर नंतर. रिसीव्हरच्या दोन ॲन्टेना एकमेकींशी काटकोनात आणि कार्बनच्या सळ्यांपासून दूर ठेवाव्यात. शेवटी, ट्रान्समीटरमध्ये सोय असल्यास शक्ती मुद्दाम कमी करून, कंपनीने सांगितलेल्या अंतरावरून, साधारणतः तीस पावलांवरून, सर्व झडपा अचूक हलतात का ते पाहावे.

आता आजऱ्यातील त्या घराकडे वळू. एका कागदावर पाच ओळी लिहिल्या जातात: प्रोटोकॉल, चॅनेल, जोडण्या, व्होल्ट, मोड. प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने, एक ट्रान्समीटरचा व एक विमानातील सामानाचा. पहिल्याच ओळीत रकाने जुळत नाहीत आणि दोष उघड होतो. ट्रान्समीटर परत करावा लागत नाही. फक्त त्याच्या भाषेचा रिसीव्हर मागवावा लागतो आणि जुना रिसीव्हर विक्रेत्याच्या अटीनुसार परत जातो. पुढच्या रविवारी, भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात, विजेच्या तारांपासून दूर, वडील विमान हातात धरून उभे राहतात. मुलगा मोजून तीस पावले मागे जातो. रिसीव्हरवरील दिवा स्थिर आहे. मुलगा कांडी डावीकडे नेतो आणि वडिलांच्या हातातील विमानाचे सुकाणू डावीकडे वळते. आजोबा बांधावर बसून ती पाच ओळींची यादी पुन्हा वाचतात, घडी घालतात आणि खिशात जपून ठेवतात.