नांगरावरची नोकरी

नॅन्टकेट बेटावर वेताची एक टोपली विकायला असते. तळ लाकडाचा, त्याच्या कडेला बारीक खाच, खाचेत बसवलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि त्यांतून आतबाहेर फिरवलेला वेत. विणकाम साच्यावर होत असल्यामुळे गोलाई इतकी नेमकी उतरते, की लहानमोठ्या टोपल्या एकीच्या पोटात एक बसतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या या बेटावर आज ही टोपली श्रीमंत बायकांच्या हातात पर्स म्हणून मिरवते. तिची घडण मात्र कंटाळ्यातून झाली, नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजावर.

बेटाच्या दक्षिणेला पाण्याखाली वाळूचे दांडे मैलोन्‌मैल पसरले आहेत आणि युरोपातून न्यूयॉर्कला जाणारी वाट त्यांच्या कडेने जाते. आपल्याकडे कुलाब्यापुढे प्रॉंग्जवर १८७५ मध्ये दीपगृह उभं राहिलं, कारण पायाला खडक होता. इथे नुसती वाळू, तीही सरकणारी. मग दिवाच तरंगता ठेवायचा! टेम्सच्या मुखाशी नोअर इथे १७३२ पासून अशी दीपनौका होतीच. नॅन्टकेटची पहिली नौका १८५४ मध्ये नांगरली आणि दुसऱ्याच वर्षी वादळात नांगर सोडून वाहून गेली. १८५६ पासून तिची जागा ‘एक नंबर’ने घेतली. किनारा सुमारे २४ मैलांवर.

गुस्ताव्ह कोबे नावाचा लेखक या नौकेवर राहून आला आणि १८९१ मध्ये त्याने ‘सेंच्युरी’ मासिकात तिच्याविषयी लिहिलं. (हाच कोबे पुढे ऑपेराच्या ग्रंथामुळे नावाजला. १९१८ मध्ये तो शिडाच्या होडीत असताना पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची धडक बसून मेला.) नौका १०३ फूट लांब, ओकच्या लाकडाची, दुहेरी अंगाची, लाकूड कुजू नये म्हणून दोन अंगांच्या मधल्या पोकळीत चक्क मीठ भरलेलं. दोन डोलकाठ्यांभोवती दोन कंदील, प्रत्येकात आठ दिवे. एकेका कंदिलाचं वजन जवळजवळ टनभर. दिवसा तो खाली उतरवून पुसायचा, वाती नीट करायच्या. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून ओढून वर चढवायचा. वर्षाला नऊशे गॅलन तेल लागे.

एवढं झालं की काम संपलं. उरलेला दिवस काय करायचं? जहाज कुठे जात नाही, पण हलायचं थांबतही नाही. साखळीला बांधलेली नौका लाटेवर अशी झटके खाते, की देवमाशांच्या शिकारीत आयुष्य गेलेल्या खलाशांनाही इथे बोट लागायची. डिसेंबर ते मे किनाऱ्याशी संबंध तुटलेला. धुकं पडलं की तासन्‌तास घंटा. म्हणून वेत, साचा आणि टोपली. पुढे सरकारने नोकरीच्या वेळात असला जोडधंदा बंद केला आणि विणकाम किनाऱ्यावर गेलं. हा हुकूम काढणाऱ्याने तिथे एक हिवाळा काढला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

१९०१ मध्ये नौकेवर मार्कोनीचं बिनतारी यंत्र बसलं आणि एकांत थोडा सैलावला. नंतर रेडिओ-दीप आला. नौका ठरावीक संकेत सोडणार, दूरचं जहाज तो कुठून येतो ते ओळखून त्या रोखाने सुकाणू धरणार. धुक्यात याहून भरवशाचं काही नव्हतं. पण सुकाणू ज्या रोखाने धरायचं, त्याच रेषेवर अकरा माणसं राहत होती. जानेवारी १९३४ मध्ये ‘वॉशिंग्टन’ हे प्रवासी जहाज तेव्हा तिथे नांगरलेल्या ११७ क्रमांकाच्या दीपनौकेला घासून गेलं. तेवढ्यावर निभावलं.

१५ मे १९३४. दाट धुकं. ‘टायटॅनिक’ची थोरली बहीण ‘ऑलिम्पिक’, सुमारे ४६ हजार टनांची, याच संकेताचा माग काढत येत होती. नौका होती ६३० टनांची. धुक्यातून समोर नाळ दिसली तेव्हा नांगरावरच्या नौकेला वळायला वाव नव्हता. ‘ऑलिम्पिक’ तिच्या आरपार गेली. चौघे नौकेबरोबरच बुडाले. सात जणांना पाण्यातून काढलं, त्यातले तिघे नंतर दगावले. मेलेल्यांत आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांवरून आलेले खलाशी होते.

ब्रिटनने दिलेल्या भरपाईतून बांधलेली नवी नौका, क्रमांक ११२, १९३६ मध्ये त्याच टापूत नांगरली. रेडिओ-दीप तिच्यावरही होता आणि जहाजं तिच्याच रोखाने येणार होती. बांधणाऱ्यांनी अंग दुहेरी केलं, आत पाणी अडवणारे कप्पे वाढवले आणि खालून डेकवर निघायला सहा वाटा ठेवल्या.