छपरावरील अँटेना आणि मागे राहिलेले नाव

तबकडी येण्यापूर्वी छपरावरील ॲल्युमिनियमची अँटेना फिरवून दूरदर्शनचे चित्र स्थिर करण्याचे काम आपल्यापैकी अनेकांनी केले असेल. तिची रचना घरी करता येण्याइतकी सोपी आहे.

३०० या संख्येला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. २०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची तरंगलांबी दीड मीटर. तिच्या निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटर लांबीची नळी मधोमध कापून, कापलेल्या दोन टोकांना टीव्हीची वायर जोडावी. हा लहर ग्रहण करणारा मुख्य दांडा. त्याच्या मागे थोडा लांब आणि पुढे थोडे आखूड दांडे समांतर बसवावेत. त्यांना वायर लागत नाही. मागचा दांडा लहर परतवतो, पुढचे तिला वाट दाखवतात. आखूड दांड्यांची बाजू प्रक्षेपण केंद्राकडे ठेवावी आणि विजेच्या तारांपासून अँटेना दूर उभारावी.

ही रचना १९२६ साली जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात सिद्ध झाली. तिच्यामागील बहुतेक प्रयोग शिंतारो उदा यांनी केले आणि ते जपानी भाषेत प्रसिद्ध केले. प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी १९२८ साली इंग्रजीत लेख लिहिला. त्यात उदांच्या कार्याचा उल्लेख होता. तरीही जगाने ‘यागी अँटेना’ हेच नाव उचलले. हेच उदा १९५०च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत कार्यरत होते.

आज शास्त्रीय ग्रंथांत ‘यागी-उदा’ असे जोडनाव आढळते. आपल्या मुलांना अँटेना समजावताना ही दोन्ही नावे सांगावीत. ज्याच्या हातांनी काम उभे राहिले, त्याचे नाव नोंदवणे हेही इतिहासाचेच कर्तव्य होय.