दवाखान्यात एवढी गर्दी कुठून येते?





गेल्या श्रावणात सातपुड्यातल्या एका पाड्यावरून आम्ही एका अडलेल्या गरोदर बाईला झोळीतून खाली आणले. सडकेवर १०८ची गाडी मिळाली. प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याचे रुग्णालय असे करत मध्यरात्र उलटली. प्रसूती वॉर्डात एकेका खाटेवर दोघी आणि खाटांच्या मधे फरशीवरही बाया होत्या. सगळ्यांसाठी सिस्टर एकच. मी तिच्यावर चिडले. “आदिवासी म्हणून आम्हाला थांबवून ठेवता का?” असे बोलून गेले. तिने उत्तर दिले नाही. सिझेरियन झाले, आई वाचली, बाळ मात्र तिसऱ्या दिवशी गेले. नंतर कळले की त्या सिस्टरची ड्यूटी आदल्या सकाळीच सुरू झाली होती. रात्रपाळीची सिस्टर आजारी होती आणि बदलीला माणूस नव्हते. मी तिची माफी मागितली. तेव्हापासून ही गर्दी कुठून येते हे समजून घेते आहे. तेच तुम्हाला सांगते.

डोंगराळ व आदिवासी भागासाठी शासनाचे निकष असे आहेत: ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, २०,०००ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८०,०००ला ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय. साधा ताप, जुलाब आणि सरळ बाळंतपण खालीच निभावावे, अवघड रुग्ण तेवढा वर जावा, अशी ही उतरंड आहे. खालचे एक मडके निसटले की भार सगळ्या रचनेवर येतो.

ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, पण भूलतज्ज्ञाची जागा रिकामी आहे, असे समजा. मग सिझेरियन होणार नाही. इमारत, टेबल, दिवे सगळे असून अडलेली प्रत्येक बाई जिल्ह्याला पाठवावी लागते. एका रिकाम्या खुर्चीमुळे अख्ख्या तालुक्याची गर्दी दुसऱ्या रुग्णालयात जमा होते. आमच्या बाईलाही याच कारणाने पुढे पाठवले होते. वाटेत गेलेले तास बाळाला महागात पडले.

माणसे का मिळत नाहीत? डॉक्टरांना राहायला धड घर नसते, मुलांना शाळा नसते. अनेक परिचारिका व तंत्रज्ञ कंत्राटी आहेत. करार ११ महिन्यांचा, पगार कायम कर्मचाऱ्यापेक्षा कमी. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के उचलते. हप्ता लांबला की पगार आणि औषधे दोन्ही लांबतात. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. ते गाठता आले नाही. त्याची झळ त्या रात्रीच्या सिस्टरला आणि आमच्या बाईला बसली.

मग आपण काय करावे?

पहिले, दिवस भरण्याआधीच बाईला खाली आणावे. आदिवासी भागातल्या काही आरोग्य केंद्रांजवळ यासाठी ‘माहेरघर’ आहे. पण घरी लहान मुले आणि शेळ्या सोडून ती येणार कशी? पाड्यावरच्या आपल्या मंडळीतल्या बहिणी ते दिवस घर सांभाळू शकतात.

दुसरे, रक्तदान. आमच्या भागात सिकलसेलचे आणि अशक्त मातांचे प्रमाण मोठे आहे. शहरातल्या मंडळ्यांनी सणाप्रमाणे रक्तदानाचा दिवसही ठरवून घ्यावा.

तिसरे, हक्क समजावून सांगावेत. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, जेवण आणि घरी परतायची गाडी मोफत आहे. हे माहीत नसल्याने आमचे लोक सावकाराकडे जातात.

चौथे, ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत एकच प्रश्न लावून धरावा: कोणती जागा किती महिन्यांपासून रिकामी आहे?

पाचवे, आपल्या वसतिगृहातल्या मुलींना नर्सिंगला पाठवावे. पावरी किंवा भिली बोलणारी सिस्टर वॉर्डात असली की घाबरलेल्या बाईचा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडतो. तुमच्या देणगीतला काही भाग या शिक्षणासाठी राखला जातो.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्य आपल्याला ठाऊक आहे. कफर्णहूमच्या त्या घरीही दारात शिरायला जागा नव्हती. चौघांनी दारातल्या लोकांशी भांडण केले नाही आणि खाट घेऊन परतही गेले नाहीत. ते छपरावर चढले. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, असे शास्त्र सांगते.

आमच्या झोळीलाही चारच खांदे होते. पुढच्या पावसाळ्याआधी आणखी खांदे हवे आहेत. त्या सिस्टरसाठीही प्रार्थना करा. ती अजून त्याच वॉर्डात आहे.