छताखालचं उड्डाण – भाग ४ : आधी छत मोजा

मागच्या भागात बाल्साचा पंख घासून त्याची मागची कड कागदाइतकी पातळ कशी करायची, ते पाहिलं. ग्लायडर किती वजनाचं असावं, हा प्रश्न मात्र मुद्दाम शिल्लक ठेवला होता. त्याचं उत्तर स्पर्धेच्या हॉलचं छत ठरवतं.

बंद हॉलमध्ये वर उचलणारा वारा नसतो. फेकीतून मिळालेली उंची जितकी सावकाश संपेल, तितका वेळ तुमचा. १० मीटरवरून सेकंदाला अर्धा मीटर उतरणारं ग्लायडर २० सेकंद हवेत राहतं. पंख तोच ठेवून वजन निम्मं केलं, तर हा वेळ साधारण १.४ पट होतो. मग करा की आणखी हलकं! नवशिके इथेच फसतात. पीस कितीही जोर लावून फेकलं तरी हातभर अंतरावर थांबतं. अति हलक्या ग्लायडरला हवेचा रोध तसाच अडवतो आणि ते छतापर्यंत पोचतच नाही.

म्हणूनच बंदिस्त उड्डाणांच्या विक्रमांसाठी एफएआय या जागतिक संस्थेने छतांचे गट पाडले : ८ मीटरपेक्षा कमी, ८ ते १५, १५ ते ३०, आणि त्याहून उंच. बुटक्या छताखाली फेक सहज वर पोचते, तिथे वजन बेलाशक उतरवावं. कॅलिफोर्नियातल्या टस्टिनच्या हँगरसारख्या जागी उलट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने आपल्या वायुनौकांसाठी उभारलेली ती लाकडी प्रचंड शेड. तिथे जड, मजबूत पंख आणि दणकट दंड हवा. दंडाचं महत्त्व कागदी विमानात तर उघडच दिसतं. तिथे कागद जेवढा जड तेवढा, त्यामुळे सगळी भिस्त फेकीवर. केन ब्लॅकबर्न या अमेरिकी इंजिनिअरने १९९८ मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया डोममध्ये २७.६ सेकंद काढले, ते विमान जवळजवळ सरळ वर भिरकावून.

आता खरी गोम. फेकताना वेग तरंगण्याच्या वेगाच्या सात पट असेल, तर पंखावरचा उचल-जोर ४९ पट होऊ शकतो. संथ तरंगण्यासाठी पंख आणि शेपटी यांच्या कोनांत फरक ठेवला, की तोच फरक फेकीच्या वेगात ग्लायडरला मागे कोलांटी घ्यायला लावतो. फरक काढून टाकला, तर वर पोचल्यावर नाक सावरत नाही आणि ते सूर मारत खाली येतं. उपाय तडजोडीचाच : फरक अगदी नाममात्र ठेवायचा आणि गुरुत्वमध्य बराच मागे न्यायचा. काही जण पंखाची मागची बाजू लवचीक करतात. वेगात ती सपाट होते, वेग ओसरला की पुन्हा वाकते. मला हा उपाय सर्वांत देखणा वाटतो, पण जमवायला महाकठीण.

उजव्या हाताने फेकणाऱ्याने ग्लायडर उजवीकडे कलतं धरून फेकावं. ते उजवीकडे वळत चढतं आणि माथ्यावर डावीकडे लोळून सावरतं. पुढचा डावा फेरा शेपटीच्या आडव्या पट्टीच्या तिरकसपणातून मिळतो. मागून पाहताना तिचं डावं टोक किंचित वर हवं. फेरा इतका लहान ठेवा की भिंत लागू नये, पण इतकाही नको की पंख कलून उंची गळू लागेल. सराव स्पर्धेच्या हॉलमध्येच करा, आणि तिथले पंखे नि एसी आधी बंद करून घ्या.

पुढच्या आठवड्यात : बाल्साची फळी पारखायची कशी.